पाचांतून पाच गेले

चैत्र वद्य सप्तमी. पहाटे वारा होता, तो सूर्य वर येताच पडला. आभाळ निरभ्र. दुपार होईतो अंगणातली माती अशी तापली की अनवाणी पाऊल ठेववेना.

एकदा एक तरुण गणिती अशा दिवशी आपल्या वृद्ध आचार्यांना जेवायला बोलावून सकाळपासून अस्वस्थ होता. त्याचे नाव नरहर. नदीकाठच्या पाठशाळेत तो आचार्यांपाशी गणित शिकला होता आणि अजूनही रोज तिथे जात असे. ग्रहणाचा स्पर्श केव्हा आणि मोक्ष केव्हा, हे तो पळापर्यंत सांगे. पंचक्रोशीतले लोक मुहूर्त त्याच्याकडून तपासून घेत. त्याच्या अस्वस्थतेचे कारण मात्र ग्रहतारे नव्हते. त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला, वेणूला, वजाबाकी येत नव्हती, आणि तिची शिकवणी कायमची बंद करावी असे त्याने ठरवले होते. आचार्यांचे मत तेवढे घ्यायचे राहिले होते.

शिकवणीची सुरुवात चांगली झाली होती. सकाळची पूजा आटोपली की नरहर ओटीवर धूळपाटी मांडी, शेजारी चिंचोक्यांचा ढीग करी आणि वेणू समोर मांडी घालून बसे. बेरीज तिला पाहता पाहता आली. दोन आणि तीन, चार आणि तीन; चिंचोके सरकवीत ती मोठ्याने मोजी आणि उत्तर आले की स्वतःच टाळी वाजवी. नरहरला वाटे, आपलीच बुद्धी हिच्यात उतरली आहे. पुढे वजाबाकी सुरू झाली, तीही काही दिवस ठीक चालली. पाचांतून दोन गेले, तीन राहिले. सातांतून चार गेले, तीन राहिले.

मग एका सकाळी त्याने विचारले, पाचांतून पाच गेले तर किती राहिले?

वेणू म्हणाली, एक.

मोजण्यात चुकली असेल असे समजून त्याने वाटीत पाच चिंचोके टाकले आणि ते पाचही मला दे म्हणून हात पुढे केला. तिने चार दिले आणि वाटी पंजाने झाकली. त्याने पुन्हा मागितला तेव्हा पाचवाही दिला, पण लगेच ढिगातला एक चिंचोका उचलून वाटीत ठेवला आणि म्हणाली, राहिला एक. त्याने समजावले की काही उरत नाही, त्याला शून्य म्हणतात, आणि धुळीत बोटाने एक वाटोळे काढून दाखवले. वेणूने ते निरखून पाहिले.

"ही तर भाकरी," ती म्हणाली. "आहे की एक."

नरहरला हा वात्रटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी त्याने चारांतून चार विचारले. उत्तर आले एक. तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज चढला. तेव्हापासून वेणू चिंचोक्यांकडे पाहीनाशी झाली आणि बापाच्या तोंडाकडे पाहू लागली. सातांतून चार म्हटले की ती हळूच म्हणे, तीन. त्याच्या भुवया जरा हलल्या की म्हणे, चार. त्या आणखी हलल्या की म्हणे, दोन. जे येत होते तेही गेले. पुढे शिकवणीच्या वेळेला तिचे पोट दुखू लागले, आणि एकदा तर हाका मारून मारून ती सापडेना. शेवटी कणगीच्या मागे अंग चोरून बसलेली मिळाली.

तिला तिथून ओढून काढताना नरहर पत्नीला म्हणाला, की हिच्या डोक्यात आकडा शिरत नाही, उद्यापासून हिला चुलीपाशी बसव.

त्याची पत्नी गिरिजा सहसा उलट बोलत नसे. त्या दिवशी ती हातातले पीठ झटकून उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मलाही असंच उठवलं होतं पाटावरून," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी. माझं काय चुकत होतं, ते आजवर कुणी सांगितलं नाही. हिचं तरी कुणाला विचारून घ्या. तुम्हाला चंद्राला कधी काय होणार ते सांगता येतं, घरातल्या पोरीला काय झालंय ते नाही."

हे नरहरला झोंबले. पण विचारायला काय जाते, असे मनाशी म्हणून तो त्याच दिवशी आचार्यांकडे गेला आणि सगळे सांगितले. मुलगी हट्टी आहे, तिचे लक्ष नाही, तिला गणिताचे अंग नाही, चुकाच करते.

आचार्यांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, "कोणती चूक करते?"

"चुकाच करते, गुरुजी. कोणती म्हणून सांगू?"

"रोगी आजारी आहे, एवढं सांगणाऱ्या वैद्याला तू दक्षिणा देशील का?"

नरहर वरमला. मग आठवून आठवून त्याने पाचांतून पाच, चारांतून चार, वाटीत परत ठेवलेला चिंचोका, असे सांगितले. भाकरीचे मात्र सांगितले नाही, ते त्याला लाजिरवाणे वाटले. आधी हीच एक चूक होती, असे तो म्हणाला. बाकीच्या नंतर आल्या, आता तर ती तोंडाला येईल ते सांगते, आणि सांगताना पाहते माझ्याकडे.

"म्हणजे पहिली चूक तिची," आचार्य म्हणाले. "नंतरच्या तुझ्या. मी सप्तमीला तुझ्याकडे जेवायला येतो, बरोबर हे चौघे शिष्य येतील. रोजचंच जेवण कर. पक्वान्न केलंस तर आल्या पावली परत जाईन."

तेव्हा सप्तमीला नरहर स्वतः पाठशाळेत जाऊन आचार्यांना आणि त्या चौघा शिष्यांना घेऊन आला. एरवी तो परसदाराने घरात शिरे आणि वहाणा विहिरीपाशी काढी. आज पाहुण्यांबरोबर पुढच्या दाराने आला आणि आपल्याही वहाणा त्यांच्यासारख्याच पायरीवर काढून पाय धुऊन आत गेला. वेणूला त्याने आधीच बजावून ठेवले होते, की आजोबा विचारतील त्याचे नीट उत्तर दे, घाबरू नकोस. त्याने हे इतक्या करड्या आवाजात सांगितले होते की ती सकाळपासून घाबरूनच होती.

जेवण रोजचेच होते. भाकरी, आमटी, लसणाची चटणी, ताक. गिरिजा वाढत होती आणि वेणू मीठ फिरवीत होती. आचार्य निमूट जेवत होते. गणिताचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. वेणूला एवढेच विचारले की ताक कोण घुसळते. आचार्य केव्हा विचारणार आणि पोर काय उत्तर देणार, याखेरीज नरहरला काही सुचत नव्हते.

चौघांत एक स्थूल शिष्य होता. तो जेवणाच्या बाबतीत भीड न बाळगणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याने आणखी भाकरी मागितली तेव्हा गिरिजा म्हणाली, की दोन क्षण बसा भावोजी, गरम टाकते.

"कशाला तव्याला त्रास, वहिनी? ती दुरडीत आहे की एक. तीच द्या."

गिरिजा काही बोलायच्या आत वेणू मिठाची वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ती द्यायची नसते. ती दुरडीची आहे."

पंगतीत हशा पिकला. दुसरा एक शिष्य म्हणाला, की बरे झाले, आम्ही आजवर याला अडवू शकलो नाही, शेवटी मीठवालीने अडवला. आचार्य मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दुरडीची म्हणजे गं काय?"

"सगळे जेवले तरी एक राहते दुरडीत," वेणू म्हणाली. "आई पण जेवली तरी राहते. दुरडी मोकळी करायची नसते. कणगी पण नाही करायची."

"आणि शेजारचं भांडं परत करायचं असेल तर?"

"त्यात साखर घालतात. मोकळं नाही देत."

"वेणू, पुरे," नरहर म्हणाला. "पाहुण्यांपुढे इतकं बोलू नये."

वेणू गप्प झाली. तव्यावरून उतरलेली भाकरी स्थूल शिष्याच्या ताटात पडली. आचार्यांनी घास उचलला आणि उरलेले जेवण न बोलता संपवले.

हात धुऊन सगळे ओटीवर आले. गिरिजाने पानाचे तबक पुढे ठेवले. सतरंजी अंथरलेली होती, कारण एवढ्या उन्हात पाहुण्यांनी घटकाभर आडवे होऊन मगच निघावे अशी रीत होती. आचार्य सतरंजीवर बसले नाहीत. ते पायरीच्या वरच्या अंगाला भुईवर बसले, वेणूला त्यांनी शेजारी बसवले आणि खाली मांडलेल्या वहाणा तिला दाखवून विचारू लागले, की सर्वांत मोठ्या कुणाच्या, करकर वाजतात त्या कोणत्या, अंगठा तुटलेल्या कुणाच्या. वेणूला मजा वाटू लागली. मोठ्या त्या भाकरीवाल्या काकांच्या, ती म्हणाली.

मग आचार्यांनी मान वळवली आणि स्थूल शिष्याला म्हणाले, "तू नीघ."

त्याचा हात तबकात होता. तो म्हणाला, "गुरुजी, विडा..."

"नीघ."

तो उठला, वहाणा घालून अंगण ओलांडून गेला. थोड्या वेळाने आचार्य दुसऱ्याला म्हणाले, तू नीघ. मग तिसऱ्याला. मग चौथ्याला. एकालाही विडा घेऊ दिला नाही, एकालाही कारण सांगितले नाही. प्रत्येक जण उठे, आपला जोड पायांत अडकवी आणि उन्हात दिसेनासा होई. वेणू हनुवटी गुडघ्यांवर टेकून एकेक जोड जाताना पाहत होती. शेवटी आचार्य स्वतः उठले, आपल्या वहाणा घातल्या, वेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि नरहरकडे न पाहताच चालू लागले.

नरहर ओटीवर खिळून उभा होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की मुलीने पंगतीत पाहुण्याला भाकरी नाकारली आणि आचार्यांचा अपमान झाला. तिला काही विचारण्याच्याही योग्यतेची त्यांनी मानली नाही. आता मत मागायचे तरी काय राहिले? गिरिजा आतल्या दारात उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता. क्षणभराने नरहर भानावर आला आणि तसाच अंगणात उडी टाकून धावत सुटला.

अंगणाच्या टोकाला, हाकेच्या अंतरावर, कडुनिंब होता. त्याच्या सावलीत आचार्य उभे होते आणि ते चौघेही तिथेच थांबलेले होते.

"गुरुजी, काय चुकलं?" नरहर धापा टाकीत म्हणाला. "पोर अजाण आहे. तिच्या वतीने मी क्षमा मागतो."

आचार्य म्हणाले, "क्षमा नंतर. आधी तिला इथूनच विचार, पायरीवर किती जोड राहिले."

नरहरला काही उमजेना. पण आज्ञा ती आज्ञा. त्याने वळून हाक दिली आणि विचारले. वेणू पायरीवर उभी होती. तिने खाली पाहिले.

"एक," ती म्हणाली.

नरहरच्या मस्तकात तिडीक गेली. तेच उत्तर. पाच माणसे तिच्या डोळ्यांदेखत गेली, पाच जोड गेले, आणि पोर म्हणते एक. त्याने आचार्यांकडे वळून हात पसरले.

"पाहिलंत? ऐकलंत तुम्हीच. हेच चाललंय. आता मी काय करू?"

"तू आधी सावलीत ये," आचार्य म्हणाले. "पाय भाजताहेत तुझे."

नरहरने खाली पाहिले. तो अनवाणी होता. मघापासून तो तापलेल्या मातीत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता आणि त्याला ते कळलेही नव्हते. त्याने पायरीकडे पाहिले. इतक्या लांबूनही त्याच्या वहाणा तिथे दिसत होत्या.

चौघांपैकी कुणीतरी हसू दाबले. नरहर सावलीत आला.

मग आचार्य बोलले. "ग्रहणाचं गणित एका पळाने चुकलं तर तू काय करतोस? चंद्रावर रागावतोस का?"

"नाही. मागे जातो. ते पळ कुठून आलं ते शोधतो."

"मुलीच्या उत्तरात एक जास्त आला. तो कुठून आला, हे शोधायला तू मागे गेला नाहीस. तू विचारत होतास, पाचांतून पाच गेले तर काय राहतं. ती सांगत होती, तुझ्या घरात काय राहतं. तुझ्या घरात दुरडी मोकळी होत नाही, कणगीचा तळ दिसत नाही, शेजाऱ्याचं भांडंही रिकामं परत जात नाही. संपलेलं असं काही तिने जन्मात पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही, ते ती कशाच्या आधारावर म्हणणार? तू म्हणालास म्हणून?"

"मग ही रीत सोडायची का, गुरुजी?"

"रीत कशाला सोडायची? अवेळी कुणी उपाशी आला तर ती भाकरी त्याची आहे. रीत चांगली आहे. पण चिंचोक्यांना ती लागू नाही, हे तिला कुणीतरी दाखवायला हवं होतं. म्हणून मी अशी जागा शोधली, जिथे रिकामं झालं तरी कुणाला वाईट वाटत नाही. पाहुणे जाण्यासाठीच येतात; मोकळ्या पायरीला कुणी अशुभ म्हणत नाही. तिला तिथे 'काही नाही' दाखवावं म्हणून या बिचाऱ्यांना विड्याशिवाय उन्हात काढलं. पण वहाणा घालून मागे येण्याऐवजी तू अनवाणी धावत आलास आणि पायरीवर एक जोड ठेवून आलास. माझं गणित तू बिघडवलंस; तिने जे होतं ते सांगितलं."

नरहर मान खाली घालून उभा होता. आचार्य जरा थांबून म्हणाले, "आणखी एक. तिने उत्तर दिलं तेव्हा ती पायरीकडे पाहत होती. तू लांब होतास, तुझी भुवई तिला दिसत नव्हती. एवढंच अंतर रोज ठेव. आता जा."

स्थूल शिष्य पुटपुटला, की एवढे झाल्यावर आता विड्याला परत जायला हरकत नसावी. आचार्यांनी ते ऐकले नाही असे केले आणि पाठशाळेची वाट धरली.

नरहर पाय उचलीत अंगण ओलांडून परत आला. वेणू अजून पायरीवरच होती. बापाला झपझप येताना पाहून ती एक पाऊल मागे सरकली. त्याचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. तिला तो दुसऱ्याच कशाने लाल झालेला वाटला.

"दोन?" ती हळूच म्हणाली. आणि तो काही बोलेना असे पाहून, "तीन?"

नरहर पायरीवर बसला. मुलगी त्याच्या समोर उभी होती आणि तिचे डोळे त्याच्या भुवयांवर होते. ग्रहणे वर्तवणाऱ्या त्या माणसाला आपण इतके दिवस रोज सकाळी काय शिकवत होतो, ते तेव्हा कळले.

"एकच," तो म्हणाला. "बरोबर सांगितलं होतंस तू. माझ्याकडे नको पाहू. खाली पाहा."

वेणूने खाली पाहिले. नरहरने वहाणा पायांत घातल्या, पायरीवरून उतरला आणि तिच्याकडे पाठ करून अंगणात चार पावले चालत गेला. मग न वळताच त्याने विचारले, की आता किती.

तो तसाच उभा राहिला. गिरिजा दारात आली होती.

"आता काहीच नाही," वेणू म्हणाली.

"एक सुद्धा नाही?"

"नाही. रिकामी पायरी."

ऊन उतरल्यावर नरहरने ओटीवर धूळपाटी मांडली आणि वेणूच्या शेजारी, तिला तोंड दिसणार नाही असा, बसला. त्या दिवशी वेणूने नऊ वजाबाक्या केल्या. सहा बरोबर आल्या, तीन चुकल्या. पाचांतून पाच ही बरोबर आलेल्यांत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपल्यावर शिकवणी झाली.